कापसाच्या बाजारांतील एक पाहुणा शब्द

शब्दांचें कूळ शोधावयाचें तर कोश उघडावा, पंडितांस विचारावें, फार तर जुनीं बाडें चाळावीं; त्यासाठीं कोणी कापसाच्या बाजारांत जाऊन उभें राहत नाहीं. परंतु गेल्या कार्तिकांत कांहीं घरगुती कामासाठीं पांढरकवड्यास चार दिवस राहण्याचा योग आला, आणि जो इंग्रजी शब्द आम्ही शाळेपासून वापरीत आलों त्याचा अर्थ आम्हांस तेथें प्रथमच नीट उमगला. तो शब्द 'मॉइश्चर'. कोशांत त्याचा अर्थ 'ओलावा' असा दिलेला असतो व परीक्षेपुरता तो पुरतोहि. पांढरकवड्यास मात्र तो पुरत नाहीं.

पांढरकवडा हें यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें मुख्य ठाणें. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता येथूनच जातो, आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. त्यामुळें बाजाराच्या दिवशीं वऱ्हाडी, हिंदी, तेलुगु, गोंडी व कोलामी अशा पांच भाषा सहज कानीं पडतात. मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस हेंच मुख्य नगदी पीक. मुलाची फी, मुलीचें लग्न, सावकाराचें व्याज, दवाखान्याचें बिल, सगळ्यांची वाट या एका पिकावरून जाते. अशा या बाजारांत पांचहि भाषा बोलणारे लोक एक शब्द मात्र समाईक वापरतात. कोणी त्याचा उच्चार 'मॉइश्चर' करतो, कोणी 'माश्चर', पण "किती निघालं?" हा प्रश्न भावाच्याहि आधीं विचारला जातो, आणि 'काय' निघालें हें सांगावें लागत नाहीं.

एके दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशीं आम्ही उभे होतों. बंड्यांचा जमाना सरत आला असून आतां कापूस बहुधा टेंपोंतून व ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून येतो; रांग मात्र लांबच लांब असते. खरेदीदाराचा एक तरुण माणूस हातांत लहानसें यंत्र घेऊन एकेका गाडीपाशीं येई, यंत्राचा दांडा कापसांत खुपशी, वर उमटलेला आंकडा मोठ्यानें वाची व पुढें जाई. एका वृद्ध शेतकऱ्याच्या गाडीपाशीं आंकडा निघाला चौदा. म्हातारा अजिजीनें म्हणाला, "भाऊ, वल नाई थे, सकाळचं दंव हाय. घंटाभरात उडून जाईन." त्यावर तो तरुण, उद्धट नव्हे, पण दिवसांतून शंभर वेळां हेंच ऐकून कंटाळलेला, इतकेंच म्हणाला, "काका, मशीन दंव पाहत नाही, मॉइश्चर पाहते."

म्हाताऱ्याच्या लेखीं दंव ही ओल नव्हती. तरुणाच्या लेखीं दोनहि एकच. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत होते, आणि भांडण खरें पाहतां एका शब्दाच्या अर्थाचें होतें. तेव्हां मुक्कामीं परतल्यावर आम्हीं या पाहुण्या शब्दाचें कूळ पाहण्याचें मनावर घेतलें. आणि जें हातीं लागलें त्यानें आम्ही चकित झालों, कारण तेंच भांडण शब्दाच्या मुळाशींहि निघालें.

'मॉइश्चर' हें नाम 'मॉइस्ट' या विशेषणाच्या कुळांतील. इंग्रजींत हीं दोनहि रूपें चौदाव्या शतकांत जुन्या फ्रेंच भाषेंतून आलीं. त्या फ्रेंच शब्दाचें आजचें रूप 'म्वात' असें असून भीतीनें घामेजलेल्या तळहातास फ्रेंच लोक तें विशेषण लावतात. येथवर वाट सरळ आहे. त्यामागें लॅटिनकडे जाऊं लागलें कीं तिला दोन फांटे फुटतात. एक फांटा 'मूकिदुस' या शब्दाकडे जातो. त्याचा अर्थ बुरसलेलें, बुळबुळीत, बुरा आलेलें. नाकांतील शेंबडास वैद्य लोक 'म्यूकस' म्हणतात तो याच घरचा. दुसरा फांटा 'मुस्तेउस' या शब्दाकडे जातो. 'मुस्तुम' म्हणजे द्राक्षांचा नुकताच काढलेला, अजून न आंबलेला रस. त्यावरून मुस्तेउस म्हणजे ताजें, नवें, रसरशीत. बोलभाषेंतील लॅटिनमध्यें हे दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि त्या मिश्रणांतून फ्रेंच शब्द निघाला, असें बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे ज्या शब्दाचा एक जनक सडकेपणा, त्याचाच दुसरा जनक ताजेपणा! (जातां जातां आमच्या वाचकभगिनींसाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. मोहरीस इंग्रजींत 'मस्टर्ड' म्हणतात, तें नांवहि या मुस्तुमवरूनच पडलें. कारण युरोपांत मोहरी वाटून ती द्राक्षाच्या ताज्या रसांत कालवीत असत.)

ताजेपणाचा अर्थ इंग्रजांनीं कांहीं काळ जपून ठेवला होता. सन १४०० मध्यें वारलेला त्यांचा आद्य कवि चॉसर यानें 'कँटरबरी कथां'मध्यें बाथ गांवच्या, पांच वेळां लग्न झालेल्या एका ठसकेबाज बाईचें वर्णन केलें आहे. तिच्या पायांतील जोड्यांस त्यानें 'मॉइस्ट' हेंच विशेषण लावलें आहे. आजचा वाचक समजेल कीं बाई चिखलांतून चालत आली असावी. तसें नाहीं. जोडे नवे होते, त्यांचें कातडें मऊ होतें, वापरून सुकून कडकलेलें नव्हतें, एवढेंच कवीस सांगावयाचें होतें. नुकत्याच केलेल्या दारूसहि तो हाच शब्द योजतो. पुढें हा अर्थ इंग्रजींतून गळाला व निव्वळ पाण्याचा अंश तेवढा उरला.

आमच्या भाषेंतून मात्र तो गळालेला नाहीं, हें ध्यानांत येतांच आम्हांस मौज वाटली. आपण ओलें खोबरें म्हणतों, ओली हळद म्हणतों, ओले काजू म्हणतों, ओला चारा म्हणतों. त्यांत पाणी किती हें कोणी मोजीत नाहीं. ओलें म्हणजे ताजें. घरांत बाळंतपण होऊन दहा-पंधरा दिवस झालेले असले म्हणजे आजी बजावते कीं ती ओली बाळंतीण आहे, तिला वाऱ्याला बसूं देऊं नका. येथें 'ओली' म्हणजे नुकती बाळंत झालेली, दुसरें कांहीं नाहीं. बाथच्या बाईचे जोडे ज्या अर्थानें ओले होते त्याच अर्थानें आपली सूनबाई ओली असते. सहाशें वर्षांपूर्वीचा इंग्रज कवि आणि आपली आजी यांची या एका शब्दापुरती गांठ पडावी, हें भाषेचें कौतुक नव्हे काय?

ओल या शब्दाचें स्वतःचें कूळ निष्कलंक आहे. संस्कृत 'आर्द्र' हें त्याचें मूळ. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत आर्द्रचीं 'उल्ल', 'ओल्ल', 'अल्ल' अशीं रूपें नोंदून ठेवलीं आहेत. 'ओल्ल'पासून आपलें ओलें झालें, आणि 'आर्द्रक' या शब्दापासून 'अल्ल'च्या वाटेनें आलें झालें. चहांत ठेचून घालतों तें आलें म्हणजे शब्दशः 'ओलें मूळ'. तेंच वाळलें कीं त्याचें नांव बदलून सुंठ होतें. एकाच कंदास ओलेपणीं एक नांव व वाळल्यावर दुसरें देणाऱ्या लोकांस ओलाव्याचें महत्त्व किती वाटत असेल, तें निराळें सांगावयास नको. आर्द्रा नक्षत्रहि यांतलेंच. सूर्य त्यांत २१–२२ जूनच्या सुमारास शिरतो, आणि मृगानें दगा दिला तर वऱ्हाडांतील शेतकरी या ओल्या नांवाच्या नक्षत्राकडे डोळे लावून सरकी टोबण्यास थांबतो.

शिवाय आपल्या घरांत ओलेपणा शुद्धतेचा सोबती आहे. स्नान करून ओलेत्यानें पूजेचें पाणी भरणारीं माणसें आमच्या पिढीनें पाहिलीं आहेत. मनाचा ओलावा आपण गुणांत धरतों, 'कोरडी सहानुभूति' हा शब्दप्रयोग दोषदर्शक समजतों. नको असलेल्या ओलेपणासाठीं आपल्या भाषेनें निराळे शब्द राखून ठेवले आहेत. पावसाळ्यांत भिंत सर्द होते, हवा दमट होते, डब्यांतील पापड सादळतात, पेटींतील पोथ्यांस कुबट वास येतो, अंगरखा घामेजतो. यांपैकीं एकाहि ठिकाणीं जाणती गृहिणी निव्वळ 'ओलें' म्हणून थांबत नाहीं. सादळलेला पापड ओला नसतो. त्यानें हवेंतील पाणी प्यालेलें असतें व त्याचा कुरकुरीतपणा गेलेला असतो, एवढेंच. हा भेद इंग्रजींत एका शब्दानें सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. तेव्हां तो म्हातारा "वल नाई, दंव हाय" म्हणाला, तें बाजारी लबाडीचें बोलणें नसून उत्तम मराठी होतें.

याच ठिकाणीं 'डॅम्प' या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचाहि निकाल लावून टाकूं, कारण 'दमट' त्यावरूनच निघाला असें सांगणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. ध्वनि जुळला म्हणजे रक्त जुळलें असें होत नाहीं. आंबट, तुरट, खारट या शब्दांस जो प्रत्यय आहे तोच दमटास आहे, व ही घडण आपल्या घरची आहे. उलट डॅम्प हा इंग्रजीनें डच व उत्तर जर्मनीकडील बोलींपासून घेतलेला शब्द. जर्मनांचा 'डाम्फ' म्हणजे वाफ, तो याचा सख्खा भाऊ. इंग्रजींतहि तो प्रथम वाफ, विषारी धूर, याच अर्थानें आला. कोळशाच्या खाणींत साचणाऱ्या स्फोटक वायूस 'फायरडॅम्प' म्हणतात, त्यांत पाण्याचा थेंबहि नसतो. त्या वायूच्या भीतीनेंच सर हंफ्री डेव्ही यानें १८१५ सालीं आपला सुरक्षित दिवा तयार केला. पांढरकवड्याशेजारच्या वणी तालुक्यांत कोळशाच्या खाणी आहेत, तेथील जाणत्या कामगारांस हा अर्थ सांगावा लागणार नाहीं. सर्द भिंतीचा अर्थ त्या शब्दास फार मागाहून चिकटला. आपल्याकडे वाफेशीं नातें सांगणारा ओलाव्याचा शब्द आहे तो 'वाफसा'. पाऊस उघडल्यावर जमीन चिखल राहिलेली नाहीं व कोरडीहि झालेली नाहीं, पाभर घालण्यास अगदीं योग्य अशी झाली, म्हणजे वाफसा झाला म्हणतात. त्या दिवशीं शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जें समाधान असतें तें पाहण्यासारखें असतें.

आतां कापसाकडे वळूं. कापसाचा तंतु म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजास पाण्याची स्वाभाविक ओढ असते. हवेंत वाफ वाढली कीं तो ती घेतो, हवा कोरडी झाली कीं परत देतो. ओला झाल्यानें लोकर व रेशीम दुबळीं होतात, सुती धागा उलट अधिक बळकट होतो. म्हणूनच आपलीं धोतरें-लुगडीं पिढ्यान्‌पिढ्या दगडावर आपटलीं गेलीं तरी टिकलीं. तंतूंच्या या स्वभावाचा उपयोग मनुष्यानें फार पूर्वीं केला आहे. पंधराव्या शतकांत निकोलस ऑफ कूसा या जर्मन धर्माधिकाऱ्यानें सुचविलें कीं, तराजूच्या एका पारड्यांत लोकर व दुसऱ्यांत दगड घालून उघड्या हवेंत टांगावें. लोकरीचें पारडें खालीं गेलें तर हवा दमट झाली असें समजावें. पुढें १७८३ सालीं जिनीव्हाच्या दि सोस्यूर यानें मनुष्याच्या केंसाचें आर्द्रतामापक यंत्र प्रसिद्ध केलें. दमट हवेंत केंस लांबतो, कोरड्या हवेंत आखडतो. म्हणजे मुळांत तंतु हें हवा मोजण्याचें साधन होतें. आज बाजारांत त्याच तंतूला हवेबद्दल जाब विचारण्यांत येतो.

पूर्ण कोरडा कापूस कोणास हवाहि नसतो. व्यापाराच्या संकेतांत शंभर भाग शुष्क रुईमागें ८.५ भाग पाणी स्वाभाविकच धरलेलें आहे. फार वाळलेली रुई जिनांत तुटते, तिच्यांत वीज भरून तंतु एकमेकांस झिडकारतात, सूत वारंवार तुटतें. लँकेशायर प्रांतांत सुताचा धंदा भरभराटला याचें एक कारण तेथील ओलसर समुद्री हवा हें सांगतात. ती हवाहि पुरेशी न वाटून मालक मागांच्या खोल्यांत वाफ सोडीत, व कामगारांच्या छातीवर त्याचा परिणाम होऊं लागला म्हणून १८८९ सालीं पार्लमेंटास या वाफेची मर्यादा ठरविणारा कायदा करावा लागला. फार दूर कशाला, पांढरकवड्याहून सुमारें दीडशें किलोमीटरवर नागपुरास जमशेटजी टाटा यांनीं १८७७ च्या पहिल्या दिवशीं एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरची हवा पडली कोरडी. तेव्हां या गिरणींत हवेस ओलावा देणारीं यंत्रें मुद्दाम बसविण्यांत आलीं, व तशीं यंत्रें बसविणारी ती हिंदुस्थानांतील पहिली गिरणी होती. ती गिरणी आतां बंद झाली आहे. परंतु ज्या पाण्यासाठीं शेतकऱ्याचा भाव कापला जातो तेंच पाणी त्याच कापसास पुढें पैसे खर्चून पाजावें लागतें, ही गोष्ट आम्हीं त्या म्हाताऱ्यास सांगितली तेव्हां तो प्रथम हंसला, आणि मग बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

एवढ्यावरून खरेदीदार चोर ठरतो असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्या भयासहि आधार आहे. ओल्या कापसाची गंजी लावली कीं ती आंतून तापूं लागते. सरकी ही जिवंत वस्तु, ती श्वास घेते. बुरशी धरते, रुई पिवळी पडते, सरकीच्या तेलांत आंबटपणा शिरतो, बियाणें म्हणून तर ती निकामीच होते. हा झाला 'मूकिदुस'चा अंश. शिवाय वजनासाठीं मालावर पाणी शिंपडण्याची युक्ति जुनी आहे. अमेरिकेंतील यादवीच्या वेळीं (१८६१–६५) हिंदी कापसास सोन्याचा भाव आला, आणि भेसळ इतकी माजली कीं मुंबई सरकारास १८६३ सालीं कापसांतील लबाडी मोडण्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. १९२५ च्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर कारखान्याची खूण बंधनकारक झाली, ती लबाडी कोणाच्या दारीं झाली हें कळावें म्हणूनच. या सर्व काळांत शेतकऱ्याच्या दंवाकडे पाहणारी नजर व्यापाऱ्याच्या पाण्यावर तयार झालेली होती. सुक्याबरोबर ओलें जळतें ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

पूर्वीं ही परीक्षा हातानें होत असे. मूठभर कापूस घट्ट दाबावा व सोडावा. चटकन् फुलला तर कोरडा, गोळा होऊन राहिला तर ओला. नाहीं तर सरकी दांतांखालीं धरावी. 'कट्' आवाज झाला तर माल वाळलेला, नुसतीच चेपली तर ओला. त्या परीक्षेंत घासाघीस चाले, दोन्ही पक्षांच्या मुठी असत व दोन्ही पक्षांचे दांत असत. यंत्राचें तत्त्व निराळें. कोरड्या कापसांतून वीज वाहत नाहीं, पाणी असेल तर वाहते. किती वाहिली त्यावरून आंकडा. यंत्र पक्षपात करीत नाहीं हें खरें. परंतु तें कोठें खुपसावें, वरच्या थरांत कीं तळाशीं, कापूस सैल असतांना कीं दाबून, सकाळीं आठाला कीं दुपारीं दोनला, हें हातच ठरवतो. आणि प्रत्येक वेळीं आंकडा निराळा येतो. आम्हीं पाहिलें तेथें तो हात एकाच पक्षाचा होता.

सरकारी खरेदीचा नियम मात्र स्पष्ट आहे. १९७० सालीं स्थापन झालेलें भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा हमीभाव देतें, बारा टक्क्यांपर्यंत त्या मानानें कपात करतें, आणि त्यापुढील कापूस घेत नाहीं. २०२५–२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये होता. बारा टक्क्यांस तो ७,७८५ रुपये ६० पैसे होतो. ही कपात जुलमाची, असें आम्हींहि प्रथम म्हटलें. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलों. बारा टक्क्यांच्या एका क्विंटलांत १२ किलो पाणी व ८८ किलो कोरडा माल. तोच वाळवून आठ टक्क्यांवर आणला तर वजन उरतें सुमारें ९५.६५ किलो, व पुऱ्या भावानें त्याचे होतात सुमारें ७,७५७ रुपये. म्हणजे वाळविण्याचे श्रम करून शेतकऱ्याच्या पदरीं उलट अठ्ठावीस रुपये कमीच पडतात! तेव्हां बारापर्यंतच्या कपातींत अन्याय नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. खरी दरी आहे ती बाराच्या पुढें. बारास ७,७८५ रुपये, आणि तेराचौदास फाटक बंद. हिशेबानें पाहतां तेरा टक्क्यांच्या क्विंटलांतील कोरड्या मालाचीहि किंमत सुमारें ७,६६९ रुपये होते. पण फाटकावरून परतलेल्या माणसास ती कोण देणार? तो मिळेल त्या भावानें माल घालतो, कारण गाडीचें भाडें चढत असतें.

आणि बाराच्या वरचा कापूस असतो कोणाचा? पहिल्या वेच्याचा. त्या वेच्याचा आरंभ वऱ्हाडांत मोठ्या भक्तीनें होतो. पराटीस दहीभात वाहून सीतादही करतात, मग बाया ओटी बांधून वेंचावयास लागतात. परतीचा पाऊस नुकताच उघडलेला, रात्रीं दंव पडतें, बोंडें आंतून अजून कच्चीं. हाच कापूस पौषापर्यंत घरांत राहिला तर आपोआप वाळून आठावर येतो. ज्याच्या घरीं कोठी आहे व चार महिने थांबण्याची ऐपत आहे, त्यास मॉइश्चर हा शब्द फारसा ऐकावाच लागत नाहीं. ज्यास दिवाळीचें देणें आहे त्यास तो फाटकावर ऐकावा लागतो. आमच्या मतें या शब्दाचा बाजारी अर्थ 'ओलावा' असा न देतां 'न थांबण्याचा दंड' असा दिला तर कोश अधिक खरा होईल.

यास उपाय नाहीं असें नाहीं. रेशीम आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊनहि हातास ओलें लागत नाहीं. त्यामुळें फ्रान्सांतील लियों शहरांत हेंच भांडण फार दिवस माजलें होतें. १८०५ सालीं नेपोलियनच्या हुकुमानें तेथें एक सार्वजनिक गृह स्थापन झालें, व विकणाऱ्याचेंहि नाहीं, घेणाऱ्याचेंहि नाहीं, अशा त्या तिऱ्हाइताच्या घरीं रेशमाची परीक्षा होऊं लागली. वऱ्हाड या बाबतींत मागासलेला प्रांत खास नाहीं. नियमित बाजाराचा पहिला प्रयोग या देशांत झाला तो वऱ्हाडांतील कारंजास, १८८६ सालीं. आणि कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं पहिला कायदा झाला तोहि वऱ्हाडचाच, १८९७ चा. ज्यांनीं मापाचा कांटा व्यापाऱ्याच्या हातून काढून बाजाराच्या ओट्यावर आणला, त्यांच्या नातवंडांस हें दुसरें लहानसें यंत्र तेथें आणणें जड जाऊं नये. तसें आणलें तर शेतकरी आपल्या वेळीं, दोन माणसांच्या देखत, दहा ठिकाणीं दांडा खुपसून सरासरी काढूं शकेल, व चौदा निघाले तर निदान ते चौदा आपले म्हणून घरीं जाईल.

निघण्याच्या दिवशीं दुपारीं आम्ही पुन्हां त्या फाटकावरून गेलों. तोच म्हातारा रांगेबाहेर रस्त्याच्या कडेस बसलेला दिसला. चौदाच्या आंकड्यावर परतल्यानंतर दुसऱ्या गाडीचें भाडें करून तो पुन्हां आला होता, व आज रांग हलण्यापूर्वींच त्यानें ताडपत्री अंथरून सगळा कापूस उन्हांत पसरला होता. दहा-बारा वर्षांचा नातू काठीनें कापूस खालींवर करीत होता. आम्हांस पाहून म्हाताऱ्यानें एक मूठ उचलून पुढें केली व म्हणाला, "पाहा बरं साहेब, आता कसं वाटते हाताले." आम्हीं दाबून सोडला, कापूस चटकन् फुलला. एक सरकी त्यानें स्वतःच दांतांखालीं धरली. आवाज आम्हांसहि ऐकूं आला.

"दंवच होतं थे," तो म्हणाला. "पण मशीनले कोण सांगन?"

तेवढ्यांत फाटक उघडलें व रांग हलूं लागली. त्यानें ताडपत्रीचीं दोन टोकें स्वतः धरलीं आणि उरलेलीं दोन उचलण्यास नातवाला हांक मारली.